विषय : पडद्यावरील सूर्याबाबत

बसा. चहा टाकलाय. साखर कमी आहे, त्याचं कारण पुढं येईल.

एक प्रकरण तुमच्या निदर्शनास आणून द्यायचं आहे. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढल्यामुळं मला तोंडी मांडायची सवय नाही. लेखी मांडून झालं, त्याचं काय झालं तेही पुढं येईल. प्रकरण आमच्या पतसंस्थेचं आहे. संस्थेचं नाव सांगणार नाही. भीत नाही मी कुणाला, पण माझी एक ठेव मार्चात पिकते.

तर सदर संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा. पूर्वी सभेच्या आधी पंधरा दिवस छापील अहवाल पोस्टानं घरी यायचा. कागद पातळ, शाई बोटाला लागणारी, चेअरमनसाहेबांचा फोटो असा उठलेला की कुठल्याही संस्थेच्या चेअरमनचा म्हणून खपावा. पण आकडे दिसायचे. मी लाल पेन्सिल घेऊन बसायचो. पान नऊवर खूण, पान चौदावर प्रश्नचिन्ह. सभेला निघताना अंगाला तेल लावून आखाड्यात उतरल्यासारखं वाटायचं. आता अहवाल डिजिटल झाला. म्हणजे काय झालं, तर मॅनेजर पीपीटी लावतो.

गेल्या सभेला मी वेळेवर पोचलो. ही माझी पहिली चूक. हॉलमध्ये प्रोजेक्टर टेबलावर बसवायचं काम चाललं होतं. उंची कमी पडत होती, म्हणून त्याच्या बुडाखाली मागच्या वर्षांच्या छापील अहवालाच्या प्रती घातल्या होत्या. मी मोजल्या. सतरा. अहवालाचा सभासदांना एवढा थेट आधार याआधी कधी मिळाला नव्हता.

मग पडद्यावर ‘सुस्वागतम’ उमटलं. पडदा लहान, अक्षरं मोठी. त्यामुळं ‘सु’ शेजारच्या लोखंडी कपाटावर पडला आणि आमच्या वाट्याला ‘स्वागतम’ आलं. त्या शब्दाभोवती गुलाब होते, समई होती, जोडलेले हात होते आणि, का कोण जाणे, एक मोर होता. मोराचा पिसारा नेमका ‘म’वर फुलला होता. तेव्हा आमचं स्वागत झालं, नाही असं नाही, पण दोन्हीकडून कातरून.

दुसरी स्लाईड ‘सभासदांचा विश्वास’. खाली हस्तांदोलन करणारे दोन हात. दोन्ही गोरे, दोन्ही कोटातले, एकाच्या मनगटावर घड्याळ. आमच्या संस्थेत कोट घालणारा सभासद मला माहीत नाही. लग्नात घातला असेल, तो भाड्याचा. आणि कोल्हापुरात कुणी असा हात मिळवतो का? इथं माणूस खांद्यावर हात टाकतो, ‘काय भावा’ म्हणतो आणि जामीनदार म्हणून सही मागतो. विश्वासाचा फोटोच काढायचा होता, तर त्या सहीचा काढायचा. सही करताना जामीनदाराचा चेहरा कसा होतो, ते टिपलं असतं तर ठेवीदारांना चार गोष्टी कळल्या असत्या. पण नाही. ते दोन गोरे आमच्या प्रत्येक सभेला येतात, हात मिळवतात आणि अल्पोपाहार न घेता जातात.

हे सगळं मी सोसलं. चौथ्या स्लाईडला मात्र माझा तोल गेला.

चौथी स्लाईड ‘आर्थिक स्थिती’. तिच्यात भाग भांडवल, ठेवी, कर्जे, गुंतवणूक, राखीव निधी आणि थकबाकी असा तक्ता होता, आणि तक्त्याच्या मागं रंकाळा. नुसता रंकाळा नव्हे, रंकाळ्यावरचा सूर्यास्त. पाणी केशरी, आकाश केशरी, मध्ये पिवळाधमक सूर्य. या सूर्यास्तावर मॅनेजरनं आकडे टाकले होते, तेही पिवळ्या रंगात. पाण्यावरचे आकडे डोळे बारीक केले की वाचता यायचे. ठेवी दिसल्या. राखीव निधी दिसला. थकबाकीचा रकाना जिथं होता, तिथं सूर्य होता.

मी उभा राहिलो. “थकबाकीचा आकडा दिसत नाही.”

“स्क्रीनवर हाय की, काका.”

“स्क्रीनवर सूर्य आहे.”

“सूर्याच्या तितंच हाय बघा,” असं म्हणून मॅनेजरनं खिशातून लेझर काढला. लाल ठिपका सूर्याभोवती थरथरत दोन प्रदक्षिणा घालून आला. “हे बघा. हितं.” सगळा हॉल माना वाकड्या करून सूर्याकडं बघत राहिला. ग्रहण बघायला जमतात तसे. मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज आला आणि स्लाईड पुढं सरकली. इतिवृत्तात नोंद आहे : ‘थकबाकीबाबत सविस्तर चर्चा होऊन विषय एकमताने मंजूर.’

रंकाळ्याच्या सूर्यास्ताबद्दल माझा आकस नाही. तो मी चौपाटीवर भेळ खात अनेकदा पाहिला आहे, फुकट. माझं म्हणणं एवढंच, की तो तिथं असावा. मावळणाऱ्या सूर्याला संस्थेच्या ताळेबंदात काम काय? आणि दिलंच, तर ठेवींवर का नाही मावळत?

बरं, रंगाचं सोडा. अक्षरांकडं या. कुणीतरी मॅनेजरला सांगितलंय की महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारावी. इंग्रजीत मारत असतील. आपल्या अक्षरांना रेघ जन्मापासून डोक्यावर असते. खालून आणखी एक मारली की ती उकार खाते. ‘गुंतवणूक’ या शब्दाखाली मॅनेजरनं जाड लाल रेघ ओढली आणि पडद्यावर ‘गंतवणक’ राहिलं. शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, “ही गंतवणक कुठली योजना?” मी म्हटलं, नवीन असेल. दोन ओळी इतक्या जवळ की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकलेले, जत्रेत चपला अडकतात तसे. देवनागरीला वर रफार-मात्रा लागतात, खाली उकार लागतात. तिला इंग्रजीपेक्षा मोकळी जागा लागते, हे एखाद्या बोर्ड पेंटरला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. एका स्लाईडवर तर मराठीच नव्हतं. मॅनेजरनं घरच्या संगणकावर जुन्या पद्धतीच्या फॉन्टात मजकूर केला होता आणि हॉलमधल्या संगणकात तो फॉन्ट नव्हता. त्या जुन्या फॉन्टांची गंमत अशी, की आत सगळी इंग्रजी अक्षरं असतात आणि वरून मराठीचा मुखवटा. फॉन्ट नाही म्हटल्यावर मुखवटा गळाला. पडद्यावर उलटीसुलटी इंग्रजी मुळाक्षरं, मध्येच टक्क्याचं चिन्ह, दोन कंस. युनिकोड येऊन किती काळ लोटला, पण आमच्याकडं त्याची पोच अजून आलेली नाही. मॅनेजर जराही विचलित झाला नाही. त्याला मजकूर पाठ होता. त्यानं ती स्लाईडसुद्धा वाचून दाखवली.

इथं आपण मूळ तक्रारीवर येतो. वाचून दाखवणं.

पडद्यावर बारा ओळी. मी चौथी पास आहे, त्यामुळं त्या मी पाऊण मिनिटात वाचतो. मॅनेजर त्या तीन मिनिटं वाचतो. उरलेल्या वेळात सभासदानं काय करावं, याबद्दल उपविधीत तरतूद नाही. डोळे बाराव्या ओळीपाशी पोचून परत फिरलेले, कान तिसऱ्या ओळीवर, आणि मन मोरापाशी. पुण्यात डिझाईन शिकणाऱ्या माझ्या नातीनं सांगितलं, की यावर अमेरिकेत मोठं काम झालंय. कॅलिफोर्नियातले रिचर्ड मेयर म्हणून मानसशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांनी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांवर प्रयोग केले आणि २००१ मध्ये पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं असं, की चित्र दाखवून तोंडानं समजावलं तर माणसाला चांगलं समजतं. पण चित्र, तोंडी निवेदन आणि तेच निवेदन पुन्हा पडद्यावर लिहिलेलं, असं तिन्ही एकदम दिलं तर कमी समजतं, कारण चित्र बघायलाही डोळेच लागतात आणि वाचायलाही डोळेच. शिवाय शोभेसाठी घातलेली असंबद्ध चित्रं नुकसानच करतात. आणि चित्रातल्या भागाचं नाव त्या भागाशेजारीच लिहावं, कोपऱ्यात यादी करून नव्हे. मोराचा उल्लेख मेयरसाहेबांनी वेगळा केलेला नाही, पण रोख तोच आहे.

मी नातीला म्हटलं, यासाठी कॅलिफोर्निया कशाला? खासबागेत जा. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं मैदान, हजारो माणसं बसलेली, मध्ये तांबड्या मातीत दोन मल्ल. निवेदक माईकवर काय सांगतो? ‘पैलवानानं लाल लांग घातली आहे’ असं सांगतो का? ते दिसतंय. तो सांगतो मल्ल कुठल्या गावचा, वस्ताद कोण, मागच्या मैदानात कुणाला चितपट केलं, आता लागलेला डाव कुठला. डोळ्यांना दिसत नाही तेवढंच कानांना. आमचा मॅनेजर तिथं निवेदनाला बसला तर ‘दोन मल्ल, मल्ल क्रमांक एक, मल्ल क्रमांक दोन’ इथून सुरुवात करील आणि मैदान संपेल तेव्हा तो सलामीपर्यंत पोचलेला असेल.

आणि हे कोल्हापुरात व्हावं, हे मला जास्त लागतं. दुसऱ्या कुठल्या गावात झालं असतं तर मी चहा पिऊन गप्प बसलो असतो. चित्र आणि अक्षर एका कागदावर कसं नांदवायचं, हे या गावानं देशाला दाखवलेलं आहे. बाबूराव पेंटर इथले. आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारा माणूस. मग चुलतभाऊ आनंदरावांच्या साथीनं कॅमेऱ्याच्या मागं लागला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. तो पाहून लोकमान्यांनी ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. बाबूराव आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या चित्रमय भारतीय पोस्टरांत धरतात. पुढं १९६० साली ‘मुघल-ए-आझम’साठी मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरवर जे भव्य बोर्ड लागले, ते रंगवणारे जी. कांबळेही कोल्हापूरचेच. यातल्या कुणी अनारकलीच्या नाकावर पिवळ्या अक्षरांत नाव लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मूकपटात तर चित्र आणि अक्षर यांची रीतसर वाटणीच होती. प्रसंग दाखवायचा, मग पाटी यायची, पाटी गेली की पुन्हा प्रसंग. पाटीवर संवाद असायचा, समईबिमई नाही. थिएटरात एखादा शिकलेला माणूस ती पाटी मोठ्यानं वाचायचा, कारण शेजारच्यांना वाचता येत नव्हतं. त्या माणसाचे उपकार होते. आमचा मॅनेजर ज्यांना वाचून दाखवतो त्यांत दोन निवृत्त मुख्याध्यापक आणि एक वकील आहेत.

त्याच्याही मागं जा. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारतातलं एकेक चित्र पुढं धरून कथा सांगत आले. कागदावर चित्र, कथा तोंडात. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावानं काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ केले. कंदिलाच्या उजेडात चित्र पडद्यावर मोठं व्हायचं, कथा निवेदक सांगायचा. नाव उच्चारायला अवघड, पण खेळ बघायला सोपा. आपलं नेमकं उलट झालंय. पीपीटी हे नाव सोपं आहे.

माझ्या लहानपणची एक स्लाईड मला अजून जशीच्या तशी आठवते. आमच्या पेठेजवळच्या टॉकीजमध्ये मी थोरल्या काकांबरोबर सिनेमाला गेलो होतो. मध्यंतरात काचेच्या स्लाईडी लागायच्या. एक सायकल दुकान, एक सोन्या-चांदीची पेढी, एक चहा. मध्येच एक काळी स्लाईड आली आणि तिच्यावर हातानं लिहिलेली वाकडी पांढरी अक्षरं. काकांचं नाव, आणि खाली ‘ताबडतोब बाहेर यावे’. मागं कुठलाही फोटो नव्हता. सबंध थिएटर मान वळवून शोधायला लागलं. काका उठले, पायातली एक चप्पल खुर्चीखाली राहिली, तसेच बाहेर गेले. बाहेर गोठ्यातून निरोप घेऊन गडी उभा होता : म्हैस व्यायली. आज पन्नासहून जास्त वर्षं झाली. सिनेमा कोणता होता ते आठवत नाही. स्लाईड आठवते, म्हशीला रेडी झाली तेही आठवतं. आमच्या संस्थेनं मला आजवर दाखवलेल्या सगळ्या स्लाईडींत तेवढी कामाची एकही नाही.

तुम्ही म्हणाल, रस्त्यावरचे फ्लेक्स कुठं बरे असतात? नसतील. पण फ्लेक्सवर मी अन्याय होऊ देणार नाही. सिग्नलला लाल दिवा लागला, गाडी थांबली, तीन सेकंदांत मला कळतं वाढदिवस कुणाचा. सगळ्यात मोठा चेहरा त्याचा. वरच्या रांगेतले गोल फोटो नेत्यांचे. ज्याच्या फोटोखाली नाव नाही, तो खरा मोठा. खाली पासपोर्ट आकाराचे चाळीस शुभेच्छुक, त्यांच्या आकारावरून वर्गणी कळते. चित्र आणि अक्षर, दोघांचं म्हणणं एक. आमच्या स्लाईडीत अक्षर थकबाकीबद्दल बोलतंय आणि चित्र पर्यटनाबद्दल.

आता साखर. निवृत्तांच्या आमच्या मंडळात मधुमेहाचं शिबिर झालं. डॉक्टर तरुण, हुशार, पीपीटी घेऊन आलेले. एका स्लाईडवर ‘काय टाळावे?’ असा मथळा आणि खाली पडदाभर जिलबी. पाकातली, काठाला चकाकणारी, एका वळशावर केशराची काडी. डॉक्टरांची योजना अशी, की कळ दाबली की जिलबीवर फिरत फिरत लाल फुली येणार. त्यांनी कळ दाबली. फुली आली नाही. पुन्हा दाबली. फुली बसली रुसून. त्या खटपटीत सहा मिनिटं गेली आणि सहा मिनिटं ती जिलबी बिनविरोध पडद्यावर राहिली. पाऊणशे मधुमेही तिच्यासमोर बसलेले. चित्र शब्दापेक्षा नीट लक्षात राहतं, हे त्या संध्याकाळी शाबीत झालं. परत जाताना आमच्यातले चौघे परस्पर मिठाईच्या दुकानात भेटले. मी त्यांतला एक होतो, म्हणून आज हा चहा असा आहे. ‘टाळावे’ हा शब्द कुणालाच आठवत नव्हता.

अशी ही परिस्थिती. मी अर्ज केला. विषय : पडद्यावरील सूर्याबाबत. संदर्भ : वार्षिक सभा, स्लाईड क्र. ४. ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदरहू सूर्यामुळे सभासदांस थकबाकीचे अवलोकन करता आले नाही. तरी सूर्य हटविणेबाबत उचित कार्यवाही व्हावी.’ दोन प्रती केल्या, एकीवर पोच घेतली. तीन आठवडे उत्तर नाही. स्मरणपत्र क्रमांक एक दिलं. मग मी स्वतः गेलो आणि चेअरमनसाहेबांसमोर बसलो.

त्यांना मी पहिल्यापासून सांगितलं. पॉवरपॉइंट ही वस्तू १९८७ साली अमेरिकेत फोरथॉट नावाच्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी बनवली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी एक कोटी चाळीस लाख डॉलरला घेतली. पहिल्या आवृत्तीत रंग नव्हते. काळं आणि पांढरं, संपलं. म्हणजे मुळात सूर्यास्ताची सोयच नव्हती. ती नंतर आलेली कीड आहे.

मग मी त्यांना कोलंबिया यानाचं सांगितलं. तेवढ्यापुरती चेष्टा बाजूला. जानेवारी २००३ मध्ये यान उडताना टाकीवरच्या फोमचा एक तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असताना अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांना स्लाईडी दाखवल्या. त्यांतल्या एका स्लाईडचा मथळा धीर देणारा होता. खाली मुद्दा, उपमुद्दा, उपमुद्द्याचा उपमुद्दा. आणि सगळ्यात तळाशी, बारीक अक्षरांत, खरी बातमी : चाचण्यांतला तुकडा तीन घन इंचांचा होता, पंखावर आदळलेला अंदाजे एक हजार नऊशे वीस घन इंचांचा. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. सात माणसं गेली, त्यांत आपली कल्पना चावला होती. एडवर्ड टफ्टी नावाच्या अभ्यासकानं ती स्लाईड ओळ न् ओळ सोलून दाखवली आणि चौकशी मंडळानंही आपल्या अहवालात तिची दखल घेतली.

चेअरमनसाहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “काका, आपली पतसंस्था कुठं आभाळात जाती?”

पण माणूस दिलदार. ते म्हणाले, एवढं कळतंय तर पुढच्या सभेची ती स्लाईड तुम्हीच करा. संस्थेला खर्च नाही, तुम्हाला मानधन नाही. मी लगेच हो म्हटलं.

नातीला फोन लावला. ती म्हणाली, “आजोबा, आधी मथळा बदला. ‘आर्थिक स्थिती’ हा मथळा नव्हे, तो फायलीवरचा शेरा झाला. जे सांगायचंय ते पूर्ण वाक्यात वर लिहा आणि खाली त्याचा पुरावा म्हणून एकच चित्र ठेवा.” पेन स्टेट विद्यापीठातले मायकेल अ‍ॅली म्हणून कुणी हेच सांगत असतात म्हणे. फायलीवरचा शेरा मला लागला, पण मी नोंद घेतली.

मग मी एक अख्खी दुपार घालवली. आमच्या हिच्या भिशीच्या डब्यातून रुपयाची नऊ नाणी घेतली, पोच न देता. जेवणाच्या पाटावर काळं कापड अंथरलं. नऊ नाणी एका ओळीत मांडली. दहाव्या जागी नाणं ठेवलं नाही, कापडावर खडूनं तेवढंच वर्तुळ काढलं. खिडकीतून तिरपा उजेड यायची वाट बघितली, म्हणजे नाण्यांच्या कडा चमकतात. तीन वेळा हिनं पाट मागितला. फोटो काढला. वर मोकळ्या काळ्या जागेत, पांढऱ्या अक्षरांत, उकाराला आणि रफाराला श्वास घेता येईल अशी जागा सोडून, एक वाक्य लिहिलं : ‘आपण दिलेल्या दर दहा रुपयांतला एक रुपया परत आलेला नाही.’ बस्स. मोर नाही, रेघ नाही, कळ दाबायची नाही.

मॅनेजरनं ती संगणकावर उघडली आणि तीन सेकंद बघितली. वाचून दाखवली नाही. उठला आणि चेअरमनसाहेबांना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा लावला, काढला.

“काका, लय भारी झालंय,” ते म्हणाले. “म्हंजे एकदम कळतंय.”

“कळावं म्हणूनच केलंय.”

“तेच म्हणतोय मी,” चेअरमनसाहेब म्हणाले. “बघितल्या बघितल्या कळतंय. लांबनं पण कळतंय.” आणि त्यांनी मॅनेजरकडं असं बघितलं, की माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी ती नजर ओळखायला शिकलोय. फाईल ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून परत पाठवताना साहेब असं बघतात. मॅनेजरनं चहा मागवला. साखरेचा.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

“काका, साहेबांनी स्लाईड मंजूर केलीया. काय बदलू नका म्हणालेत. वाक्य राहू द्या, नाणी राहू द्या, काळं कापड पण राहू द्या.”

मला भरून आलं. मी म्हटलं, आभारी आहे.

“फक्त ते शेवटचं वर्तुळ मोकळं मोकळं दिसतंय म्हणालेत. सभेला बरं दिसत न्हाई. तितं आपला रंकाळ्याचा सूर्य बसतोय काय बघा. गोलच हाय.”

फोन ठेवून मी बसवून बघितला. बरोबर बसतो.